मुलुख मैदानचा गोळा सरळ का जात नाही?

विजापूरच्या शर्झा बुरुजावरची मुलुख मैदान तोफ 1549 मध्ये अहमदनगरला निजामशाहीचे तुर्की उस्ताद मुहम्मद रूमी यांनी ओतली. वजन सुमारे 55 टन! आमच्या अहेरीच्या वर्गात तिचं चित्र दाखवलं की मुलं हमखास विचारतात, “एवढी जड कशाला?”

बारूद पेटली की वायू गोळ्याला पुढे ढकलतो आणि तेवढ्याच जोराने तोफेला मागे. तोफ जड असेल तर ती कमी सरकते. हाच नववीतला न्यूटनचा तिसरा नियम.

तोंडातून सुटल्यावर मात्र गोळ्याला पुढे ढकलणारं काही उरत नाही. तो वेगामुळे पुढे जातो आणि त्याच क्षणापासून खालीही पडू लागतो: पहिल्या सेकंदात सुमारे 5 मीटर, दोन सेकंदांत 20. म्हणून लांबचा मारा करताना तोफेचं तोंड वर उचलतात. सपाट मैदानात, हवेचा विरोध धरला नाही तर, 45 अंशांवर पल्ला सर्वात जास्त.

मुलांना सूत्र घोकायला लावण्याआधी घरी एवढं करून बघा. टेबलाच्या कडेवरून एक नाणं टिचकीने आडवं उडवा, दुसरं त्याच क्षणी सरळ खाली सोडा. एक लांब पडेल, एक पायाशी. पण खण्ण आवाज एकदमच येईल.