कुलुपाविना गाव आणि चावीविना न हलणारी गाडी

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना घोडेगावला आत वळलं की नेवासे तालुक्यातलं शनिशिंगणापूर येतं. सुमारे साडेपाच फुटांची शनिदेवाची काळी शिळा इथे उघड्या चौथऱ्यावर उभी आहे. देवाच्या डोक्यावर छप्पर नाही आणि गावाच्या परंपरेत घराला दार नाही, कडी-कोयंडा नाही. चौकटीला पडदा, फार तर कुत्री आत शिरू नयेत म्हणून टेकवलेली एखादी फळी. गावची राखण शनिदेव करतो, ही इथली श्रद्धा.

कुलूप न मानणाऱ्या या गावात शनि अमावास्येला मात्र अगणित कुलपं येतात. वाहनतळावर लागणाऱ्या, चावीने चालू होणाऱ्या प्रत्येक जीप-मोटारीच्या स्टिअरिंगखाली एक कुलूप असतंच. २०१० साली गावात चोरी झाल्याची बातमी आली, तीही एका भाविकाच्या गाडीतून ३५,००० रुपयांचा ऐवज गेल्याची. घराला कुलूप नसलं तरी चालेल असं ठरवणारा माणूससुद्धा गाडीच्या कुलुपापासून सुटत नाही, कारण त्याच्याशिवाय गाडी चालूच होत नाही. म्हणून ते आतून कसं असतं, हे प्रत्येक गाडीवाल्याने एकदा समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

बोटाएवढ्या नळीत एक फिरणारा गाभा असतो. त्यात पितळेच्या पातळ चकत्या ओळीने बसवलेल्या असतात, मोटारीत बहुधा आठ-दहा. प्रत्येक चकतीला मधोमध चौकोनी खिडकी आणि बाजूला केसासारखी बारीक स्प्रिंग. चावी या सगळ्या खिडक्यांमधून आत जाते आणि तिच्या खाचा एकेका चकतीला नेमक्या उंचीवर आणतात. सगळ्या चकत्या गाभ्याच्या कडेशी समतल झाल्या तरच गाभा फिरतो. एखादी जरी वर किंवा खाली डोकावली, तर ती बाहेरच्या खोबणीत अडकते. खाचांच्या खोलीच्या एका पायरीत आणि पुढच्या पायरीत साधारण अर्ध्या मिलिमीटरचा फरक. एवढ्याशा फरकावर लाखो रुपयांची गाडी जागच्या जागी उभी राहते, हे मला आजही नवलाचं वाटतं.

हा अर्धा मिलिमीटर रोजच्या वापरात झिजतो. चावी दिवसातून दहा वेळा आत-बाहेर होते, तिचे उंचवटे बोथट होतात, चकत्याही घासतात. त्यात नगरकडची धूळ. उसाच्या ट्रॉल्यांनी उखणलेल्या कच्च्या रस्त्यावरून हिंडणाऱ्या गाडीच्या चावीच्या भोकात ती जाऊन बसतेच. मग कोणीतरी तेलाचे चार थेंब सोडतं. दोन दिवस चावी लोण्यासारखी फिरते. पुढे त्याच तेलात धूळ कालवली जाऊन चिकट लगदा होतो आणि स्प्रिंगा आखडतात. तिथे ग्रॅफाइटची सुकी पूड किंवा कुलपासाठी मिळणारा कोरडा स्प्रे चालतो. आधी विजेचे कॉन्टॅक्ट साफ करणाऱ्या स्प्रेने आतली घाण काढावी, तो पुरता उडून जाऊ द्यावा आणि मगच पूड घालावी.

चावी अडली की पहिला संशय स्टिअरिंगवर घ्यावा. चाकं वळलेल्या स्थितीत गाडी लावली असेल तर स्टिअरिंग लॉकचा खिळा दाबाखाली राहतो आणि चावीला फिरू देत नाही. स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवत चावी फिरवली की तो सुटतो. तरीही अडलं, तर कपाटात पडलेली दुसरी चावी आणावी. दोन्ही चाव्या उजेडासमोर शेजारी धरल्या की जुनीचे गोलावलेले कंगोरे डोळ्यांनाच दिसतात. नवी सहज फिरली, तर दोष चावीचा. दोन्ही अडल्या, तर कुलुपाचा. चावी फिरते, दिवे लागतात, पण स्टार्टर हूं की चूं करत नाही, तेव्हा बॅटरी, तारा आणि कुलुपामागचा विजेचा स्विच तपासायचा. चावीवाल्याकडे जाऊन काही उपयोग नाही.

हिसका मात्र कधीच देऊ नये. चावी सर्वांत खोल खाचेपाशी मोडते आणि तुकडा आत राहतो. चावी नुसती आत घालून थोडी मागे ओढली, की फिरते. थोडी वर उचलून धरली, की फिरते. असं होऊ लागलं म्हणजे झीज कळायला सुरुवात झाली आहे. असे इशारे कित्येकदा काही महिने आधीपासून मिळत राहतात. चावीच्या जुडग्याला लटकणारं भलंमोठं वजनही गाभ्याला रोज खाली ओढतं, तेही कमी करावं.

डुप्लिकेट काढताना लोक हमखास फसतात. घासलेली चावी यंत्रावर ठेवली, की यंत्र झीजसुद्धा जशीच्या तशी उतरवतं आणि नवी कोरी चावी पहिल्या दिवसापासून म्हातारी निघते. नकलेची नक्कल तर आणखी ढिली. नवी गाडी घेताना चावीसोबत कित्येकदा पत्र्याचा बिल्ला किंवा स्टिकर मिळतो, त्यावर चावीचा क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून मूळ मापाची चावी कापता येते. हा बिल्ला गाडीत ठेवू नये, घरी आरसी बुकाबरोबर ठेवावा. गाडीला इमोबिलायझर असेल, तर चावीच्या मुठीत चिप असते. नुसता धातू कापून भागत नाही, चिपची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते. ती नसेल तर चावी फिरते, पण इंजिन पेट घेत नाही.

ट्रॅक्टरची गोष्ट निराळी. जुन्या कित्येक मॉडेलांना एकाच साच्याची चावी येते, शेजाऱ्याची चावी आपल्याला चालते. तिथे ती कुलपाची चावी कमी आणि स्विचची मूठ जास्त असते.

शिंगणापुरात जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने शाखा उघडली, तेव्हा गावाची प्रथा आणि बँकेचे नियम यांत वाट काढावी लागली. काचेचं दार बसवलं आणि त्याला दूरनियंत्रकाने चालणारं, सहजी नजरेस न येणारं विद्युतचुंबकीय कुलूप. या कुलपाला भोक नाही, चकत्या नाहीत, घासायला चावीच नाही. बटण दाबून सुरू होणाऱ्या आजच्या मोटारींनीही हाच रस्ता धरला आहे. त्यांच्या रिमोटचा सेल संपला, तर दार उघडायला त्यातच एक छोटी धातूची चावी लपवलेली असते. बऱ्याच मालकांना ती ठाऊकच नसते. बाजूची कळ दाबली की बाहेर येते.