माजी विद्यार्थिनींचे आत्मनिवेदन

महाविद्यालयीन मैत्रिणी वार्धक्यातही परस्परांस आपले वृत्त कळवितात. अशा आत्मनिवेदनास शास्त्रीय मूल्य आहे काय? कॅलिफोर्नियातील मिल्स महिला महाविद्यालयाच्या १९५८ व १९६० मधील पदवी-वर्गांचा अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. रॅव्हेना हेल्सन यांनी आरंभिलेल्या या संशोधनात त्याच स्त्रियांकडून एकविशीपासून सत्तरीपर्यंत वेळोवेळी माहिती मिळविण्यात आली. तारुण्यानंतर व्यक्तिमत्त्व बदलत नाही, या समजास त्यांच्या उत्तरांनी धक्का दिला. पन्नाशीच्या आरंभीचा काळ अनेकींना आयुष्यातील उत्तम काळ वाटला. तथापि हे निष्कर्ष उत्तरे देणाऱ्या सुशिक्षित स्त्रियांपुरतेच प्रमाण मानावेत. जिचा संपर्क तुटला, तिचे वार्धक्य अभ्यासकास अज्ञातच राहते. म्हणून संपर्क टिकविणे हा अशा संशोधनाचा पायाच होय.