आमची गॅलरी रडते!

प्राध्यापकाच्या घरात जन्म घेणे ही मुलांच्या नशिबातली एक आपत्तीच म्हणायची. त्यातून तो प्राध्यापक मराठीचा असला, म्हणजे तर विचारूच नका! इतरांचे वडील घरी आले की चपला काढतात, हातपाय धुतात. मी घरी आलो की आधी चष्मा पुसतो आणि समोर जो कागद दिसेल त्यातले ऱ्हस्व-दीर्घ तपासू लागतो. वाण्याच्या यादीतले ‘जीरे’ ऱ्हस्व केल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही, अशी आमच्या सौ.ची जुनी तक्रार आहे. ती बँकेत नोकरी करते. तिथे आकडा चुकला तर पैसे जातात. इथे वेलांटी चुकली तर काय जाते, असा तिचा सवाल असतो. काय जाते याचे उत्तर मला उशिरा मिळाले, आणि तेही माझ्या अपेक्षेच्या अगदी उलट्या बाजूने.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमची मुक्ता तेव्हा तिसरीत होती. शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी हा आठवड्यातून काही तास भेटणारा पाहुणा. बाईंनी निबंध घालून दिला होता : ‘पावसाळ्यातील एक दिवस’. रात्री जेवणे झाल्यावर तिने मोठ्या उत्साहाने वही माझ्यापुढे ठेवली. पहिलेच वाक्य होते : ‘पाऊस आला आणि आमची गॅलरी रडायला लागली.’ मी खिशातले लाल पेन काढले. ‘रडायला’ खोडले आणि वर लिहिले, ‘गळायला’. पुढे आणखी सात चुका निघाल्या. “गॅलरी रडत नाही बाळ, गॅलरी गळते,” मी समजावून सांगितले. मुक्ताने वहीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि मुकाट्याने वही मिटली.

त्यानंतर तिच्या मराठी निबंधात चुका येईनाशा झाल्या. पावसाळा हा तिचा आवडता ऋतू झाला, शेतकरी आनंदी झाला, मोर नाचू लागला. सगळे अगदी गाईडात असते तसे! मी खूश होतो. आंधळेपण यायला म्हातारपणच लागते असे थोडेच आहे?

गेल्या मे महिन्यात मात्र एक निराळेच प्रकरण उद्भवले. मुक्ता कॉम्प्युटरपुढून उठेना. मी दोनदा ओरडलो. तिसऱ्यांदा ओरडणार, एवढ्यात माझी आई म्हणाली, “अरे, ओरडतोस कशाला? ती काय बघते आहे ते तरी बघ आधी.” आईचे म्हणणे मोडवेना. मी खुर्ची ओढून शेजारी बसलो.

पडद्यावर एक चित्र होते. हॉलंडमधल्या आम्स्टरडॅमचे राइक्सम्युझियम तुम्ही ऐकून असाल. तिथे रेम्ब्रांटने १६४२ साली पुरे केलेले ‘द नाइट वॉच’ हे भलेमोठे चित्र आहे. या संग्रहालयाने २०१२ पासून आपल्या संग्रहातली चित्रे घरबसल्या पाहण्यासाठी आणि उतरवून घेण्यासाठी मोफत खुली केली. २०२२ साली तर याच चित्राचे असे छायाचित्र त्यांनी प्रसिद्ध केले, की त्यात ७१७ अब्ज ठिपके आहेत. म्हणजे डोळ्यातली रंगाची भेगसुद्धा दिसावी! प्रत्यक्ष तिथे गेलो तरी चित्राला नाक लावून कोण बघू देणार? मुक्ता मात्र डोंबिवलीत बसून त्या चित्रात मुंगीसारखी फिरत होती. सैनिकांच्या गर्दीत एक सोनेरी कपड्यांतली लहान मुलगी आहे, तिच्या कमरेला एक कोंबडी उलटी टांगलेली आहे.

“बाबा, हिने कोंबडी अशी का बांधली आहे?”

कोंबडीचे पंजे हे त्या सैनिकी पथकाचे चिन्ह होते, असे मी तिला सांगितले. प्राध्यापकाला माहिती सांगायला मिळाली की तो सुखावतो. पण मुक्ताचे समाधान झाले नाही. “ते ठीक आहे रे. पण कोंबडीला काय वाटलं असेल?”

“मग लिही की! कोंबडीची गोष्ट लिही,” मी उत्साहाने म्हणालो.

“इंग्लिशमध्ये लिहीन. मराठीत नको,” ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, “मराठीत तू खोडतोस.”

वाचकहो, वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे. मराठीचे पुढे काय होणार, या विषयावर परिसंवादांत बोललो आहे. हार, नारळ घेतले आहेत. दोष सरकारचा, शाळांचा आणि पालकांचा आहे असे मी प्रत्येक ठिकाणी ठणकावून सांगितले आहे. आणि माझ्याच घरातली मराठी माझ्याच खिशातल्या पेनाने पळवून लावली होती!

त्या रात्री मी ते लाल पेन कपाटात ठेवले आणि मुक्ताच्याच जगात शिरायचे ठरवले. महिनाभर रोज संध्याकाळी एक तास आम्ही दोघे मिळून कॉम्प्युटरपुढे बसू लागलो. त्या भटकंतीत जे हाती लागले, ते तुमच्याही घरी उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

पहिला धक्का मला ‘किशोर’ने दिला. बालभारतीचे हे मासिक १९७१ साली सुरू झाले. लहानपणी साताऱ्याला शेजारच्या वाड्यातून मी ते मागून आणी आणि परत द्यायच्या आधी दोनदा वाचून काढी. त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर मोफत वाचायला ठेवलेले आहेत. मी आठवीत असतानाचा एक अंक उघडला आणि मुक्ताला बाजूला सारून मीच वाचत बसलो. त्या दिवशी कॉम्प्युटरपुढून न उठण्याबद्दल मला बोलणी बसली.

दुसरे ठिकाण ‘स्टोरीवीव्हर’. बंगळूरच्या प्रथम बुक्स या संस्थेने ते २०१५ साली सुरू केले. अनेक भाषांतल्या सचित्र गोष्टी तिथे आहेत, मराठीतल्याही आहेत, आणि त्या चार पायऱ्यांत लावलेल्या आहेत : नुकते अक्षर ओळखू लागलेल्या मुलापासून सराईत वाचकापर्यंत. पण खरी गंमत पुढेच आहे. या गोष्टी आणि चित्रे अशा परवान्याने खुली केली आहेत, की लेखकाचे आणि चित्रकाराचे नाव दिले म्हणजे कोणीही त्यांचे भाषांतर करावे, छापावे, त्या चित्रांवरून नवी गोष्ट रचावी. ज्या मुलाला चित्र काढता येत नाही म्हणून गोष्ट अडते, त्याला चित्र तयार मिळते. शब्द तेवढे आपले घालायचे.

हाताला चाळा हवा असेल तर अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ पाहावे. पुण्यात राहून टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवण्याचा ध्यास घेतलेल्या या गृहस्थांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर ते भूमितीच्या आकृत्या उभ्या करून दाखवतात. शिवाय मुलांची कितीतरी पुस्तके, त्यांत मराठीही, तिथे मोफत मिळतात.

चित्राला चालते-बोलते करायचे असेल तर ‘स्क्रॅच’ आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबने ते २००७ साली मुलांसाठी खुले केले. रंगीत ठोकळे एकाला एक जोडावेत तशा सूचना जोडायच्या, की पडद्यावरचे मांजर चालू लागते. त्याला आपल्या आवाजात बोलायला लावता येते. आमचे मांजर माझ्या आईच्या आवाजात ‘दूध कुठाय गं?’ असे विचारते!

यात नवे काय, असे कोणी म्हणेल. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९ साली मुलांसाठी चित्रस्पर्धा सुरू केली, ती पुढे जगभर पसरली. मुलांच्या हातून काही घडावे ही तळमळ जुनीच आहे. फरक एवढाच, की तेव्हा स्पर्धेचा कागद घरी येण्यासाठी नशीब लागे. आता दार उघडेच असते.

परंतु उघड्या दाराला उंबरठा हवा. आमच्या घरी आम्ही तो असा घातला आहे. नोंदणी मुलीच्या नव्हे, माझ्या नावाने. तिचे आडनाव, शाळा, घरचा पत्ता, फोटो कुठेही टाकायचा नाही. २०२३ साली झालेल्या आपल्या देशातल्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी असे ठरवले आहे. पण कायदा चोराला अडवील, आपल्या निष्काळजीपणाला नाही. आणि तिसरी गोष्ट : जे काही तयार होईल त्याची एक प्रत कागदावर घरी ठेवायची. मुलांना कादंबरी लिहायला लावणारा एक नामांकित उपक्रम अमेरिकेत होता. १९९९ साली सुरू झालेल्या ‘नॅनोरायमो’चे ते मुलांसाठीचे अंग. किती शब्द लिहायचे ते मुलाने स्वतःच ठरवायचे, अशी त्याची छान रीत होती. पण २०२५ साली त्या संस्थेने आपला कारभार बंद करीत असल्याचे जाहीर केले. पडद्यावरची पाटी कधी उतरेल सांगता येत नाही; वही मात्र माळ्यावर पन्नास वर्षे टिकते.

महिना सरला. जूनमध्ये पाऊस सुरू झाला. एका संध्याकाळी मी माझ्या नावाच्या खात्यात शिरलो, तो तिथे एक अर्धवट राहिलेली गोष्ट दिसली. मराठीत होती. चित्रांच्या भांडारातून मुक्ताने एक घर, एक पाऊस आणि एक चष्मेवाले आजोबा शोधून काढले होते. गोष्ट अशी :

‘एका गॅलरीत एक खूर्ची होती. खूर्चीत आजोबा बसायचे. ते पाऊस मोजायचे. मग आजोबा गेले. खूर्ची तिथेच राहीली. पाऊस आला पण मोजायला कोणी नव्हतं. म्हणून गॅलरी रडायला लागली. आजी म्हणाली छप्पर गळतंय. पण मला माहीत आहे.’

माझे वडील दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात गेले. गॅलरीतली त्यांची वेताची खुर्ची आम्ही कोणीच हलवली नव्हती. जूनमध्ये पहिला पाऊस पडला तेव्हा त्या घरात एकाच माणसाने ते दुःख शब्दांत मांडले. ते माणूस आठ वर्षांचे होते, आणि मी त्या शब्दावर लाल रेघ मारून वर ‘गळायला’ लिहिले होते! मी स्वतः वडिलांविषयी एक ओळही लिहू शकलो नव्हतो. जिने लिहिली, तिची मी खोडली.

आमच्या शेजारचा आठवीतला मुलगा हल्ली निबंध यंत्राकडून लिहून घेतो. दोन ओळी सांगितल्या, की यंत्र दोन पाने देते. त्याने एकदा मला दाखवले. एक वेलांटी चुकलेली नव्हती. पूर्वीचा मी असतो तर दहापैकी नऊ दिले असते. आता मात्र मला ते पान वाचवेना. त्यात त्याचे घर नव्हते, त्याची आजी नव्हती, त्याची गॅलरी नव्हती. यंत्राला सगळी मराठी येत असेल. पण आमच्या घरातली खुर्ची कोणाची, हे त्याला कोण सांगणार? ते ज्याला ठाऊक आहे त्यानेच सांगायचे असते, चुकत सांगितले तरी.

शुद्धलेखन शिकवू नये, असे माझे म्हणणे नाही. पोटाला मराठीच देते, तिच्याशी बेइमानी कशी करू? पण आधी मुलाचे ऐकायचे, मग विचारायचे, आणि वेलांटीकडे सगळ्यांत शेवटी वळायचे, एवढा क्रम मी शिकलो आहे. आणि हे शिकवायला मला एखादा ग्रंथ नव्हे, एक उलटी टांगलेली कोंबडी लागली.

त्या गोष्टीची प्रत मी छापून आणली, दोऱ्याने शिवली. रविवारी दुपारी गॅलरीत बसून आईने ती मोठ्याने वाचली. शेवटचे पान वाचून झाल्यावर ती बराच वेळ बाहेर पाहत राहिली. मग पदराने चष्मा पुसत हळूच मला म्हणाली, “अरे, ‘खुर्ची’ दीर्घ लिहिली आहे हिने. तुझ्या लक्षात आलं नाही?”

“आलं,” मी म्हणालो, “पण राहू दे. बाबा ऐसपैस बसायचे.”

मुक्ता हसली. मग तिने पेन्सिल घेतली, तो उकार स्वतःच खोडला, आणि मला विचारले, “बाबा, आता कोंबडीची गोष्ट मराठीत लिहू?”