शील्ड आणि लीग यांच्या मधला माणूस

आमच्या मलकापुरात कबड्डीचे सामने लागले की चढाईत दोन गडी टिपून परतणाऱ्याच्या नावाने शिट्ट्या पडतात. उजव्या कोपऱ्यावर पाय रोवून संध्याकाळभर चढाया परतवणाऱ्याचे नाव मात्र शेजाऱ्याला विचारावे लागते. पदक असले तर गोष्ट वेगळी. शेजारच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमधून कुस्तीचे कांस्यपदक आणले आणि आठवण टांगायला पक्की खुंटी मिळाली. पण जो जन्मभर नुसता अडवत राहिला, त्याला लोकांनी कशावरून ओळखायचे?

या प्रश्नाचे उत्तर कोलकात्यात सापडते. गोष्ठ पाल यांचा जन्म १८९६ चा, तेव्हाच्या फरीदपूर जिल्ह्यातल्या भोजेश्वर गावचा. आज ते बांगलादेशात आहे. कुमारटुली भागात फुटबॉल शिकलेला हा मुलगा सोळा-सतराव्या वर्षी मोहन बागान क्लबमध्ये आला. तो आला तेव्हा क्लबचा सर्वांत मोठा दिवस नुकताच होऊन गेला होता. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून आयएफए शील्ड जिंकली होती. त्या संघातले एक सुधीर चटर्जी सोडले तर बाकी सारे अनवाणी खेळले होते.

गोष्ठबाबूही अनवाणीच खेळले. समोर गोऱ्या पलटणींचे बूट, आणि हंगाम ऐन पावसाळ्यातला. कोरड्या मैदानावर उघडा पाय चेंडूला चांगला जाणतो, चिखलात मात्र तो आधी घसरतो. अशा मैदानात उजवा फुलबॅक म्हणून ते भरवशाचे झाले. कोलकात्याच्या एका इंग्रजी वृत्तपत्राने त्यांना ‘चिनी भिंत’ म्हटले आणि ते नाव कायमचे चिकटले.

त्या काळी संघात फुलबॅक दोनच, पुढे तीन हाफबॅक आणि आघाडीला पाच जण. १९२५ पर्यंत ऑफसाइडचा नियम बचावाच्या बाजूने होता. चेंडू पुढे दिला जाताना आक्रमक आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू लागत. त्यामुळे एक फुलबॅक वेळ साधून पुढे सरकला तरी समोरचा अडकायचा. १९२५ मध्ये तीनाचे दोन झाले आणि ती पळवाट बुजली. जगभर गोलांचा पाऊस पडू लागला. गोष्ठबाबूंची कारकीर्द या बदलाच्या दोन्ही बाजूंना पसरलेली आहे.

१९२१ पासून पाच वर्षे ते कर्णधार होते. कोलकाता लीगच्या पहिल्या विभागात तेव्हा दोनच हिंदी संघांना जागा मिळे. बाकी मैदान साहेबांचे, आणि पंचही बहुधा त्यांचेच. १९२३ मध्ये संघ शील्डच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि पाण्याने भरलेल्या मैदानावर गोऱ्यांच्या कलकत्ता एफसीकडून ०-३ असा हरला. त्याच वर्षी संघ मुंबईत रोव्हर्स कपला आला. १८९१ पासून चालत आलेल्या या स्पर्धेत अंतिम फेरी गाठणारा तो पहिला हिंदी संघ. तिथे डरहम लाइट इन्फंट्रीने त्यांना ४-१ ने हरवले.

कोल्हापुरात पाटाकडील किंवा खंडोबा तालमीकडून फुटबॉल खेळणारा नुसता खेळाडू नसतो, तो त्या पेठेचा माणूस असतो. गोष्ठबाबू तसे मोहन बागानचे झाले. १९३३ मध्ये सिलोनच्या दौऱ्यावर गेलेल्या भारतीय संघाचेही ते कर्णधार होते. १९३५ मध्ये कलकत्ता एफसीविरुद्धच्या सामन्यात पंचांच्या निर्णयांचा निषेध म्हणून त्यांच्यासह मोहन बागानचे खेळाडू मैदानावर आडवे झाले, असे सांगतात. त्याच वर्षी ते निवृत्त झाले.

आता तारखा शेजारी-शेजारी मांडून बघा. शील्ड १९११ ची, म्हणजे ते येण्याआधीची. क्लबने पहिली लीग जिंकली १९३९ मध्ये, ते निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी. मधल्या दोन दशकांहून अधिक काळात शील्ड नाही, लीग नाही, रोव्हर्सही नाही. पण याच वर्षांत हिंदी संघ गोऱ्यांपुढे टिकतो, हे दर हंगामात नव्याने सिद्ध करावे लागत होते. एखादा विजय चमत्कार म्हणून विसरला जाऊ शकतो. वीस वर्षे टिकणाऱ्या संघाला तसे झटकून टाकता येत नाही. ते टिकणे हीच गोष्ठबाबूंची कमाई.

१९६२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय फुटबॉलपटू. १९७६ मध्ये ते गेले. कोलकात्याच्या मैदान भागात आज त्यांचा पुतळा आहे, त्यांच्या नावाचा रस्ता आहे. गोल मोजणाऱ्या या खेळात भारताने पहिली पद्मश्री दिली ती गोल अडवणाऱ्याला.