फुल फ्रेमच घेऊ का?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, "सर, मिररलेस कॅमेरा घ्यायचाय. फुल फ्रेमच घेऊ ना?" आज या 'च'कडे जरा बघू.

मिररलेस म्हणजे आरशाविना. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून आपल्या डोळ्याकडे वळतो. २००८ साली पॅनासॉनिकचा ल्युमिक्स जी१ आला, त्यात हा आरसा काढून टाकला होता. आता सेन्सरला जे दिसतं तेच छोट्या पडद्यावर आपण बघतो. फोटो उजळ येणार की काळपट, हे बटण दाबण्याआधी कळतं. पडदा बॅटरी खातो, म्हणून एक जादा बॅटरी हिशेबात धरा.

आता सेन्सर. फुल फ्रेम ३६ × २४ मिलिमीटर, एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६, आणि मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३. क्षेत्रफळ काढा: ८६४, ३६७ आणि २२५ चौरस मिलिमीटर. म्हणजे पहिला तिसऱ्याच्या जवळजवळ चौपट. पावसात परात आणि वाटी शेजारी ठेवली तर पाणी परातीत जास्त साठतं, तसंच प्रकाशाचं. कमी उजेडात मोठ्या सेन्सरच्या फोटोत दाणे कमी दिसतात. नाटकाचे, लग्नाच्या हॉलमधले फोटो काढायचे असतील, तर तो 'च' रास्त आहे.

पण मोठ्या सेन्सरला लेन्सही मोठी लागते, जड आणि महाग. मायक्रो फोर थर्ड्सवर ३०० मिलिमीटरची लेन्स जेवढं दृश्य टिपते, तेवढ्यासाठी फुल फ्रेमला ६०० लागते.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. निवृत्तीनंतर मी हौसेनं फुल फ्रेम घेतला. टिपायचे होते पक्षी. बॉडीतच पैसे संपले, लांब लेन्स राहूनच गेली. वर्षभर कॅमेरा कपाटात! शेवटी तोटा सोसून विकला आणि लहान सेन्सरचा घेतला. आता रोज सकाळी तो खांद्याला लावून टेकडी चढतो. 'सगळ्यात चांगला कोणता?' हे मी विचारलं होतं, 'कशासाठी?' हे विचारायचं राहिलं होतं. साध्य ठरण्याआधी साधन निवडलं.

तेव्हा आधी मोबाइलमधले शेवटचे शंभर फोटो बघा. काय टिपलंत, कुठल्या उजेडात? मग बजेट बॉडी आणि लेन्स मिळून ठरवा. जमलं तर तो संच दोन दिवस भाड्याने आणून खांद्यावर वागवून बघा. 'च' लावायचा की नाही, ते त्यानंतर ठरवू.