जुन्या गाडीतली विजेची परतवाट

ब्रेकवर पाय ठेवला की मागचा इंडिकेटर मंद पेटतो. इंडिकेटर दिला की नंबर प्लेटचा दिवा त्याच्याच तालावर लुकलुकतो. हेडलाइट लावले की पेट्रोलचा आणि इंजिनाच्या तापमानाचा, असे दोन्ही काटे जागेवरून हलतात. सकाळी सेल्फ मारला तर नुसतं 'टक्' वाजतं, आणि दुपारी तीच गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते. वीस-पंचवीस वर्षं चाललेल्या मारुती ८०० मध्ये किंवा ॲम्बेसेडरमध्ये यातलं काही ना काही दिसतंच. मालक आधी बल्ब बदलतो, मग स्विच, मग बॅटरी. तरीही गाडी बरी होत नाही, तेव्हा 'आता काढून टाका' असा सल्ला सगळेच देतात. वास्तविक दोष बहुधा एखाद्या गंजलेल्या बोल्टखाली असतो.

गाडीत विजेची एकच वाट वायरीतून जाते. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून फ्यूज, स्विच आणि बल्बपर्यंत वायर असते. बल्बपासून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत यायला मात्र गाडीचा पत्राच वापरलेला असतो. तांबं वाचतं, वायरिंग निम्म्यावर येतं. त्यासाठी बॅटरीची निगेटिव्ह केबल बॉडीला आवळलेली असते. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं. म्हणून त्याला वेगळी जाड केबल किंवा विणलेली तांब्याची पट्टी लागते. याशिवाय हेडलाइट, मागचे दिवे, वायपर, मीटरचं पॅनल यांच्या छोट्या काळ्या तारा ठिकठिकाणी पत्र्याला स्क्रूने जोडलेल्या असतात. गॅरेजमध्ये या साऱ्याला मिळून 'अर्थिंग' म्हणतात.

नवी गाडी असताना हे सांधे चकचकीत असतात. पुढे पावसाळ्यामागून पावसाळे जातात. वायरीच्या टोकाचं तांब्याचं थिंबल आणि लोखंडी पत्रा यांच्यामध्ये ओल शिरली की दोन वेगळ्या धातूंमुळे गंज अधिक वेगाने चढतो. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत तर विचारायलाच नको. निसर्गाइतकाच हातभार माणसांचाही असतो. डेंटिंग-पेंटिंग करताना अर्थिंगच्या जागेवरही रंग मारला जातो आणि थिंबल त्या रंगावरच आवळलं जातं. क्लचचं काम करताना गिअरबॉक्स उतरवतात, आणि परत चढवताना ती तांब्याची पट्टी लावायची राहून जाते.

पट्टी राहून गेली तर काय होतं, ते पाहण्यासारखं आहे. सेल्फ इंजिन फिरवताना लहान पेट्रोल गाडीतही शंभर-दीडशे अँपिअर खेचतो. एवढ्या प्रवाहाला नेहमीची परतवाट मिळाली नाही, तर इंजिनाला आणि बॉडीला जोडणारी जी लोखंडी वस्तू सापडेल तिच्यातून तो जातो: ॲक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल, गिअरचा रॉड. केबल हाताला चटका बसेल इतकी तापते, आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळतं आणि ॲक्सिलरेटर जड होतो. मालक केबल बदलतो; काही महिन्यांनी तीही जाते. अल्टरनेटरचा विजेचा परतीचा मार्गही इंजिनातूनच असल्यामुळे बॅटरी पुरती चार्ज होत नाही, आणि दुकानातून आणलेली नवी बॅटरीही मान टाकते.

मागच्या दिव्यांचं कोडंही असंच उलगडतं. कित्येक गाड्यांत मागच्या एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात: ब्रेकसाठी २१ वॉटची आणि रात्रीच्या दिव्यासाठी ५ वॉटची. दोघींचं अर्थिंग एकच. ते तुटलं की ब्रेक दाबल्यावर २१ वॉटच्या तारेतून आलेली वीज त्या सामाईक टोकाशी अडते. मग ती ५ वॉटच्या तारेतून उलटी शिरते, पार्किंग लाइटच्या वायरने गाडीभर फिरते आणि जिथे अर्थिंग शाबूत आहे अशा दुसऱ्या एखाद्या बल्बमधून बाहेर पडते. म्हणून दिवे बंद असतानाही ब्रेक दाबला की पुढचे पार्किंग लाइट किंवा डॅशबोर्ड अंधूक उजळतो. ब्रेकशी ज्याचा संबंध नाही असा दिवा पेटताना दिसला, तर स्विच खोलत बसण्याआधी मागच्या दिव्यांच्या काळ्या तारा तपासाव्यात.

आता शोधायचं कसं? इथे चांगले चांगले कारागीरही चुकतात. मल्टिमीटर 'बीप'वर ठेवून दोन टोकांना लावला आणि वाजला, म्हणजे अर्थिंग ठीक, असं ते ठरवतात. पण केबलीच्या आत शंभर तारांपैकी एकच उरली असली, तरी मीटर वाजतोच. सांध्यात अवघा ०.०५ ओहमचा अडथळा आहे असं धरा. छतावरच्या ५ वॉटच्या दिव्याला जेमतेम ०.४ अँपिअर लागतो. तिथे वाया जातात ०.०२ व्होल्ट, दिवा लख्ख लागतो. त्याच सांध्यातून सेल्फने १५० अँपिअर मागितले, तर हिशेबाने साडेसात व्होल्ट तिथेच संपायला हवेत. बारा व्होल्टच्या बॅटरीत ते परवडणारं नाही, म्हणून तेवढा प्रवाह वाहतच नाही आणि सेल्फ फिरत नाही. छोटा दिवा लागतो यावरून अर्थिंग चांगलं ठरत नाही, ते यासाठी.

म्हणून मोजणी करायची ती काम चालू असताना. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवायचा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह शिशाच्या खांबावर टेकवायची, वरच्या क्लॅम्पवर नव्हे. कारण कित्येकदा दोष त्या दोघांमध्येच असतो. दिवा लावून लाल पिन दिव्याच्या काळ्या तारेच्या टोकावर ठेवायची. मीटर ०.१ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर काळजी नाही. १ किंवा २ व्होल्ट दाखवला, तर तेवढी वीज परतीच्या वाटेवर हरवते आहे. मग लाल पिन बॅटरीच्या दिशेने एकेक टप्पा मागे आणायची: तारेचं थिंबल, स्क्रू, शेजारचा खरवडलेला पत्रा, केबलीचा बोल्ट, क्लॅम्प. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम पडतो, तिथेच दोष. सेल्फसाठी लाल पिन इंजिनाच्या रंग नसलेल्या भागावर धरायची, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची, ती सुरू होणार नाही अशी व्यवस्था करायची आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर केबल आणि तिचे सांधे उघडायला हवेत.

मीटर हाताशी नसेल तर जंपर केबलचा जोड पुरतो. केबलीचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट लावायचं. एरवी न फिरणारा सेल्फ आता दणकून फिरला, की शोध संपला.

दुरुस्ती स्वस्त आहे, पण ती नीट व्हायला हवी. आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायची आणि शेवटी तीच लावायची. पॉझिटिव्ह आधी खोलली आणि पाना बॉडीला टेकला, तर ठिणग्या उडतात, हात भाजतो. बोल्ट काढून पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासायचा. थिंबलच्या दोन्ही बाजू घासायच्या. दातेरी वॉशर घालून घट्ट आवळायचं आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात द्यायचा. केबल टोकाशी वाकवून पाहावी. आवरणाखाली तांबं काळं-हिरवं झालं असेल, तर ती बदलावी, आणि नवी मूळ केबलीइतकी जाड घ्यावी. एक बारीक वायर ओढून जवळच्या स्क्रूला गुंडाळणं ही दुरुस्ती नव्हे. ती वायर तापते आणि दोष झाकला जातो.

यात सुरक्षेचाही प्रश्न आहे. हेडलाइटला मिळणारा व्होल्टेज १० टक्क्यांनी घटला, तर प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. घाटात रात्री तो फरक जीवावर बेतू शकतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी पाच वर्षांसाठी नव्याने करून घेताना आरटीओत दिवे तपासले जातातच. त्याआधी अर्धा दिवस काढून मागचं-पुढचं अर्थिंग मोजून घेतलं, तर नवे बल्ब आणि स्विच घेण्याचा खर्च अनेकदा वाचतो.

सांधे घासून झाल्यावर त्याच जागी, तेच दिवे लावून पुन्हा मीटर लावावा. आलेले आकडे तारखेसह सर्व्हिसच्या वहीत लिहून ठेवावेत. दोन पावसाळ्यांनंतर कुठला सांधा आधी कुजू लागला, हे त्या आकड्यांवरून दिवा मंद होण्याआधीच कळतं.