काच धुरकटते तेव्हा : गाडीच्या हीटरची क्रमवार तपासणी

मार्गशीर्ष-पौषाच्या पहाटे सीना व भीमा नद्यांच्या काठच्या सखल भागात धुके उतरते. नेमक्या याच वेळी मोहोळ तालुक्यातील कांदा व भाजीपाला घेऊन गाड्या सोलापूरच्या बाजार समितीकडे निघतात आणि उसाने भरलेल्या ट्रॉल्या कारखान्याच्या वाटेवर असतात. गाडीची समोरची काच आतून धुरकटलेली आणि पुढच्या ट्रॉलीस मागे दिवा नाही, असा योग जुळला तर अपघातास वेळ लागत नाही. एका हाताने स्टिअरिंग सांभाळीत दुसऱ्या हाताने काच पुसत जाणे, हा त्यावर उपाय नव्हे.

प्रथम ओल कोठे आहे ते पाहावे. वायपर फिरविताच काच स्वच्छ झाली तर ओल बाहेरची; फडक्याने आतून पुसल्यावर झाली तर आतली. श्वासातील व ओल्या पोत्यांतील बाष्प थंड काचेवर दवाप्रमाणे साठते. याकरिता ओली पोती चालकाजवळ ठेवू नयेत. बाहेरची हवा आत घेणारी कळ उघडावी व गरम वारा काचेकडे सोडावा. एसी असल्यास तोही सोबत चालवावा; त्याने हवेतील ओल कमी होते.

हीटरला निराळी शेगडी नसते. इंजिन थंड राखणारे पाणीच तापून चालकाच्या पुढ्यातील एका लहान जाळीत येते आणि पंखा त्या जाळीतून वारा काढतो. म्हणून हीटर थंड पडणे ही पुष्कळदा इंजिनाचीच तक्रार असते.

तपासणीचा क्रम असा ठेवावा :

1. वारा मुळीच येत नसल्यास पंख्याचा फ्यूज पाहावा. जळाला असल्यास तेवढ्याच क्षमतेचा नवा बसवावा. तांब्याची तार कदापि गुंडाळू नये. फ्यूज शाबूत असल्यास तारा व मोटर तपासून घ्यावी.

2. वारा पायांकडे येतो पण काचेकडे जात नसल्यास वाऱ्याची दिशा बदलणारी झडप अडकलेली असते. काचेखालील फटी धुळीने वा कागदांनी बुजलेल्या नाहीत ना, हेही पाहावे.

3. वारा थंडच असून इंजिनाच्या तापमानाचा काटा बराच वेळ चालवूनही वर चढत नसल्यास थर्मोस्टॅट उघडा अडकला असावा, किंवा तो काढूनच टाकलेला असावा. सोलापूरच्या उन्हाळ्यात इंजिन तापते म्हणून तो काढण्याची खोड काही ठिकाणी आढळते. ही चूक होय. त्यामुळे हिवाळ्यात इंजिन थंड राहते, डिझेल अधिक जळते व झीज वाढते.

4. काटा योग्य जागी असून वारा थंड असल्यास पाणी कमी झाले असावे किंवा नळीत हवा अडकली असावी. हे दुर्लक्षिल्यास इंजिन जळण्याचा धोका असतो. पाणी पुरेसे असल्यास चालून गरम झालेले इंजिन बंद करून हीटरच्या दोन्ही नळ्यांना सावधपणे हात लावावा. एक गरम व दुसरी थंड लागल्यास पाणी अडविणारा व्हॉल्व्ह बंद आहे किंवा जाळी क्षारांनी तुंबली आहे. विहिरीचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे ओतल्याचे हे फळ होय. कूलंट व शुद्ध पाणी यांचे गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणातील मिश्रणच वापरावे.

5. काचेवर तेलकट थर, गोडसर वास व पायाखाली ओल आढळल्यास जाळी गळते आहे असे समजून गाडी मेकॅनिककडे न्यावी.

गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असल्याने उसळून तोंड-हात भाजतात. काढलेले जुने कूलंट चव गोड असली तरी विषारी असते. ते उघड्या भांड्यात ठेवू नये अथवा गोठ्याजवळ ओतू नये. जनावरे ते पिऊन दगावतात.

हीटर नसलेल्या गाडीत दोन्ही बाजूंच्या काचा थोड्या उघड्या ठेवाव्यात व समोरची काच आतून रोज स्वच्छ करावी. मळलेल्या काचेवर धुरकटपणा अधिक जाणवतो. तरीही रस्ता नीट दिसत नसल्यास गाडी रस्त्यापासून दूर थांबवावी. बाजार थोडा उशिरा गाठला तरी चालेल.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी गळीत हंगामाच्या आरंभीच गावातील एखाद्या गाडीवर ही तपासणी करून दाखवावी व त्याच दिवशी ट्रॉल्यांच्या मागे परावर्तक पट्ट्या लावून घ्याव्यात. मागच्याने पाहावे आणि पुढच्याने दिसावे, या दोन्ही गोष्टी साधल्या तरच पहाटेची वाट निर्धोक होईल.